लावलं की टाकलं

१

कोळंबी परत आली होती. साता समुद्रापलीकडे गेलेला अख्खा कंटेनर पुन्हा बंदरात येऊन उभा होता. आतला गोठवलेला माल जसाच्या तसा होता आणि सोबत तिकडच्या गिऱ्हाइकाचं एक वाक्य आलं होतं: सोललेल्या कोळंबीत बंदी असलेलं औषध सापडलं. असल्या एका वाक्याने कुणाच्या तरी पोटावर पाय पडतो. तो कुणाच्या पोटावर पडायचा, हे ठरवायला मला बोलावतात.

मी विमा कंपनीची तपासनीस. नासलेली फळं, बुरशी धरलेला चहा, किडलेलं धान्य, म्हणजे समुद्र ओलांडून तोंड काळं करून परत आलेला कुठलाही माल, हा माझा धंदा. नवरा होता तेव्हा सगळ्यांना सांगायचा, आमच्या हिला भांडण्याचा पगार मिळतो. खोटं नव्हतं ते.

कोळंबीच्या कारखान्याच्या मालकाने मला खुर्ची दिली आणि चहाच्या आधी गुन्हेगार पुढे केला. म्हणाला, तपास कसला करताय, माणसाने कबूल केलंय. ज्या पिशव्यांत औषध सापडलं त्या सगळ्यांवर एकाच तळ्याचा नंबर होता. तळं एका म्हाताऱ्याचं. बातमी आली त्या संध्याकाळी मालकाने कामगारांना आणि तळेवाल्यांना अंगणात उभं करून जाहीर केलं होतं, की उद्यापासून झाडून तपासणी. आधी सोलणाऱ्या बायकांची टेबलं, मग बर्फ, मग तळी. सकाळी टेबलांना कुणी हातही लावला नव्हता, तोवर म्हातारा फाटकात उभा. औषध माझंच, म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं असतं हे ऐकून होते, पण चोर आपण होऊन दारात येतो हे नवीन आहे. मालक हसला आणि सहीचा कागद पुढे सरकवला. म्हातारा दोषी ठरला की विमा कंपनी त्याच्याकडे बोट दाखवणार, कारखाना मोकळा, गिऱ्हाईक खूश. म्हाताऱ्याचं तळं मात्र कायमचं काळ्या यादीत जाणार होतं. त्याच्या हातची कोळंबी पुन्हा कुणी घेतली नसती.

मी सही केली नाही. मला पाणी कुठेतरी मुरताना दिसत होतं.

२

त्याला सगळे निवळकाका म्हणायचे. कालव्याचं पाणी तो थेट तळ्यात घेत नसे. आधी एका खड्ड्यात सोडायचा, गाळ खाली बसून पाणी नितळ होईपर्यंत थांबायचा, मगच पुढे जाऊ द्यायचा. शेजारची तळी भरून त्यांतली पिल्लं पोसायला लागायची तरी हा काठावर बसून पाणी निवळताना बघतोय. निवळलं म्हणजे शुद्ध झालं, अशी त्याची साधी समजूत होती.

तळ्याकाठी एक खोली. कॉट, स्टोव्ह, भिंतीला टांगलेलं जाळं. खिडकीत दोन टूथब्रश आणि शेवटपर्यंत गुंडाळत आणलेली एक बारकी ट्यूब. मी सवयीने उचलून वाचायला गेले, तर त्याने ती माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली. म्हणाला, डोळ्यांचं मलम आहे, माझे डोळे येतात अधूनमधून. डोळे कसे स्वच्छ होते त्याचे, त्याच्या पाण्यासारखेच.

मी न विचारताच तो म्हणाला, "औषध मीच लावलं, बाई. लिहून घ्या."

कुठलं, असं विचारल्यावर त्याने ते जिभेचा तुकडा पडेल असं नाव न अडखळता घेतलं. किती, विचारल्यावर जरा गोंधळला. थोडंसंच, म्हणाला, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. एवढं मोठं तळं आणि पेरभर औषध! म्हातारा एक तर भ्रमिष्ट आहे किंवा मला वेड्यात काढतोय, असं मला वाटलं, आणि सांगायला हरकत नाही, रागच आला.

घरात आणखी कोण, असं विचारलं. एक लेक, म्हणाला. आई लहानपणीच गेली, मग त्यानेच वाढवली. लेक कारखान्यात कोळंबी सोलायला होती, आता इस्पितळात होती. हाताला लागलंय, एवढंच बोलला. मी म्हटलं, मग तुम्ही इथे काय करताय?

त्याने भिंतीवरच्या जाळ्याची एक सैल गाठ आवळली.

"ती मला भेटत नाही," तो म्हणाला. "मी कबूल केलं त्या दिवसापासून तोंड फिरवून झोपते. तळ्यात औषध टाकणारा चोर असतो, हे मीच शिकवलंय तिला. अगदी एवढीशी होती तेव्हापासून."

निघताना फाटकाशी मी थबकले. त्याच्या बोलण्यातलं काहीतरी मला कुसळासारखं टोचत होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं.

३

कालव्याच्या वरच्या अंगाला एका बड्या कंपनीची मोठी तळी होती. नजर पोचेपर्यंत चौकोनच चौकोन, त्यांत हवा खेळवायला पाणी घुसळणारी चाकं, आणि मध्ये काचेचं थंडगार ऑफिस. माझा संशय सरळ तिथेच गेला होता. बड्या लोकांनी घाण करायची आणि खालच्याने निस्तरायची, हे मी फळांत पाहिलंय, चहात पाहिलंय. मॅनेजर हात वर करेल, खोटं बोलेल, आणि मी त्याला धरेन, असं सगळं मनाशी ठरवून मी गेले.

त्याने काहीच लपवलं नाही. इतका मोकळा माणूस मला या धंद्यात भेटला नव्हता. औषधं देता का, विचारलं तर म्हणाला, रोज. खाद्यातूनच. आजारी असोत नसोत, दाटीवाटीने वाढवायची तर द्यावीच लागतात. चार औषधांची नावं त्याने बोटांवर मोजून सांगितली. परत आलेल्या मालातलं औषध त्यांत नव्हतं. ते गिऱ्हाइकाच्या बंदीच्या यादीत आहे, म्हणाला, आम्ही कशाला वापरू? आम्ही यादीत नसलेलीच वापरतो. आमचा माल आजवर एकदाही परत आलेला नाही.

खाद्य एका देशातून यायचं, औषध दुसऱ्या देशातून, कोळंबी तिसऱ्याच देशात जायची. तिकडच्या दुकानात ती निळ्या समुद्राचं चित्र असलेल्या पिशवीत बसायची. समुद्र तिने जन्मात पाहिलेला नसायचा. मी विचारलं, आणि तळ्याचं पाणी? ते काय, कालव्यात जातं, तो म्हणाला, आणि मला कॉफी घेणार का विचारलं.

कॉफी मी प्याले. चांगली होती. मला पाहिजे असलेला खोटारडा मला मिळाला नव्हता. कालव्यात काय वाहतंय ते बघावं म्हणून परतताना मी पुलाखालून एक बाटली भरून घेतली, आणि तशीच निवळकाकाच्या तळ्यातूनही.

४

सोलायच्या हॉलमध्ये बायका उभ्याने काम करत होत्या. पायांत रबरी बूट, समोर बर्फाचा ढीग, पाण्याचा अखंड आवाज. मुकादमबाईला सगळ्या मागून शिट्टी म्हणायच्या, कारण तिचा आवाज त्या आवाजावरून जायचा. तिने मला एकच गोष्ट दाखवली आणि माझा अर्धा तपास तिथेच झाला, तिला नकळत.

हातमोजे. प्रत्येकीच्या उजव्या हातमोज्याचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कात्रीने कापलेलं. कोळंबीच्या पाठीत काळा दोरा असतो, तो रबराच्या बोटाने धरता येत नाही, निसटतो. म्हणून मोजे मिळाले की पहिलं काम टोकं कापायचं. पाहुणे आले की अख्खे मोजे चढवायचे. मी पाहुणी धरले गेले नाही याचा मला मनातून आनंद झाला. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा त्या उघड्या बोटांत हमखास घुसायचा. टेबलावर आणखी दोघींच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. काय झालंय विचारलं तर म्हणाल्या, काटा लागला, भरतच नाही मेली जखम.

खिडकीकडची एक जागा रिकामी होती. ती निवळकाकाच्या लेकीची.

"हाताला केवढी सूज होती पोरीच्या," शिट्टीबाई सांगू लागली. "घरी बस म्हटलं तर ऐकेना. म्हणे, आज बाबांच्या तळ्याचा माल आलाय, तो मीच सोलणार. दरवर्षीचा तिचा हट्ट. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. अख्खा दिवस एकटीने सोलला. बापाने जीव लावला तिला, आणि तिने त्याच्या तळ्याला."

मी भिंतीला टेकले. लावला. जीव लावला, हात लावला. फाटकाशी टोचलेलं कुसळ आता हाताला लागलं होतं.

लगेच मी शीतगृहात गेले. निवळकाकाच्या तळ्याचा सगळा माल काही सोलला नव्हता. थोडा डोक्या-कवचासकट गोठवून ठेवला होता. तो तपासायचं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण तक्रार सोललेल्याची होती. मी त्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवला. सोबत परत आलेली एक पिशवी दिली आणि सांगितलं, ही कोळंबी नुसती धुवा. धुवण वेगळं तपासा, मांस वेगळं.

उत्तर यायच्या आधीच मला ते माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा तर्क चुकावा असं वाटत होतं.

५

तर्क चुकला नाही. कवचातली कोळंबी स्वच्छ निघाली. सोललेलीचं धुवण दूषित होतं आणि आतलं मांस साफ.

मी निवळकाकाच्या काठावर जाऊन बसले. तो खड्ड्यातलं पाणी बघत होता. मी म्हटलं, काका, तुम्ही औषध टाकलेलं नाही. तळ्यात असतं तर कोळंबीच्या अंगात मुरलं असतं, कवचातल्या मालातही सापडलं असतं. हे औषध वरून लागलंय, सोलताना. आणि तुमचा माल एकाच हातांनी सोललाय.

त्याचा हात नुसता खिशाकडे गेला.

"तळ्यात औषध टाकतात, काका. सोडतात, घालतात," मी म्हटलं. "लावतात ते जखमेला. चोराचं सांगताना तुम्हीही टाकणाराच म्हणालात. आणि स्वतःचं सांगताना म्हणालात, मीच लावलं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं. खोटं बोलायचं होतं तुम्हाला, पण तोंडातून खरं निघून गेलं."

त्याने ट्यूब काढून माझ्या हातात दिली. डोळ्यांत घालायचं जुनं मलम. माणसाला चालतं, खाण्यात बंदी. नाव तेच, जिभेचा तुकडा पाडणारं. मालकाने अंगणात ते नाव घेतलं तेव्हा निवळकाका गर्दीत उभा होता. तो घरी गेला, ट्यूब उजेडात धरून अक्षर-अक्षर जुळवलं, आणि रात्रभर विचार करून सकाळी फाटकावर आला. टेबलांची तपासणी सुरू व्हायच्या आत.

मग सगळं सांगितलं त्याने. लेकीच्या बोटात काटा गेला. दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, मलमं झाली, जखम हटेना. शेवटी औषधाच्या दुकानदाराने हे जुनं मलम काढून दिलं, म्हणाला, हल्ली याला कुणी विचारत नाही, म्हणूनच कदाचित लागू पडेल. आणि पडलं. थोडे दिवस जखम सुकली, लेक हसायला लागली. माल आला त्या दिवशी हात पुन्हा सुजला होता, आणि कामाला निघण्याआधी निवळकाकाने स्वतःच्या हाताने तिच्या बोटांना मलम लावलं. त्याच बोटांनी तिने बापाचा माल सोलला.

मी म्हटलं, हे मी लिहिलं तर तुमचं तळं वाचेल.

"आणि तिला कळेल," तो म्हणाला. "की बाबाचं तळं तिच्या हाताने बुडालं. डॉक्टर म्हणतात, विष रक्तात गेलंय, आशा धरू नका. बाई, माझ्यावर रागावून जाईल ना, जाऊ दे. स्वतःला दोष देत जायला नको."

भांडण्याचा पगार मिळणारी मी, तिथे नुसती रडत बसले, आणि त्यानेच मला पाणी आणून दिलं.

६

इस्पितळातला डॉक्टर दमलेला माणूस होता. म्हणाला, कपाटातलं एकूण एक औषध देऊन झालं, हे जंतू कशालाच जुमानत नाहीत. कुठली औषधं, मी विचारलं. त्याने नावं घेतली. त्यांत ती चारही होती, काचेच्या ऑफिसात बोटांवर मोजलेली, त्याच क्रमाने नसतील एवढंच. डॉक्टरला एकच कोडं होतं: मुलगी आधी कधी इस्पितळाची पायरी चढलेली नाही, तर असले निर्ढावलेले जंतू हिला भेटले कुठे?

मला माहीत होतं कुठे. मी भरून आणलेल्या बाटल्यांचाही अहवाल प्रयोगशाळेकडून आला होता. कालव्याच्या पाण्यात ती औषधं होती, आणि त्यांना पचवून बसलेले जंतूही. निवळकाकाच्या नितळ तळ्यातसुद्धा. बिचाऱ्याने आयुष्यभर गाळ खाली बसायची वाट पाहिली. हे खाली बसणारं नव्हतं.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, चेहरा तापाने लाल. मी विम्याची बाई आहे म्हटल्यावर ती वळली. तिला एकच विचारायचं होतं, आणि कुणी परकं भेटायची ती वाट बघत असावी.

"बाबांनी खरंच टाकलं का हो औषध?"

रहस्य उलगडलं की ते सांगायचं, हा माझ्या धंद्याचा धर्म. कुठल्या हाताने झालं हे मला माहीत होतं, आणि तो हात माझ्यासमोर पांढऱ्या पट्टीत होता. मी खुर्ची जवळ ओढली.

"नाही," मी म्हटलं. "वरच्या मोठ्या तळ्यांनी टाकलं. कालव्यातून आलं. तुझ्या बाबांनी कारखान्याच्या लोकांना छळ नको म्हणून आळ अंगावर घेतला. मी तपासलंय, बाटल्या आहेत माझ्याकडे."

माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा चुकीचा गुन्हेगार सांगितला. परत आलेल्या मालातलं औषध त्यांचं नव्हतं. पण त्या पोरीला मारत होतं ते त्यांचंच होतं, आणि मला तेव्हाही खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तिने डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी वाहायला लागलं. "मूर्ख आहेत बाबा," ती म्हणाली. "बोलवा ना त्यांना."

तो बाहेर बाकावरच होता. रोज तिथेच बसून असायचा, हे मला नर्सने नंतर सांगितलं. आत आला, पायाशी उभा राहिला, तर लेक म्हणाली, लांब का उभे राहता, रागावलेली मी होते, तुम्ही नाही. मग लहान मुलीसारखं म्हणाली, हात फार ठणकतो, बाबा, तुमचं ते मलम आहे का? त्यानेच बरं वाटायचं.

निवळकाकाने माझ्याकडे पाहिलं. खिशातला हात बाहेर निघेना. उजव्या हाताची पट्टी सोडायची नव्हती, आणि आता लावून काय होणार होतं? मी मानेनेच हो म्हटलं. मग त्याने ट्यूब काढली, दाबून दाबून शेवटचं पेरभर मलम बोटावर घेतलं, आणि तिच्या डाव्या, धडधाकट हाताला लावत बसला. एकेक बोट, सावकाश. लावता लावता तिला झोप लागली.

ती त्या झोपेतून फारशी जागी झाली नाही. आठवडा संपायच्या आत गेली.

मी अहवाल लिहिला. तळं निर्दोष, कवचातला माल निर्दोष, कबुली अविश्वसनीय. मलमाचं नाव कुठेही घातलं नाही. बोटांना मलम लावून कुणी सोलायचं नाही, एवढं मी शिट्टीबाईला कोपऱ्यात घेऊन समजावलं आणि चिंध्या बांधलेल्या दोघींना डॉक्टरकडे पाठवायला लावलं. उरलेली पानं मी कालव्यावर खर्च केली. चारही औषधं, जंतू, सगळं. पलीकडच्या गिऱ्हाइकाचं सभ्य उत्तर आलं: सदर औषधं आमच्या यादीत नसल्याने हा विषय आमच्या कक्षेत येत नाही. माल का बिघडला याचं दुसरं कारण मी दिलेलं नसल्यामुळे विमा कंपनीने म्हाताऱ्याची कबुलीच धरली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळीच्या कागदावर माझ्याही अहवालाचा नंबर.

हे सांगायला मी तळ्यावर गेले. त्याने पाणी सोडून दिलं होतं. तळाची माती भेगाळत होती, आणि पलीकडे कालवा नेहमीसारखा वाहत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, म्हटलं, काका, अजून वेळ आहे, खरं लिहू का? आता तिला काही कळणार नाही.

त्याने मान हलवली. तिचं नाव नको, म्हणाला. मग त्याने विचारलं, "तिला माहीत होतं ना, मी टाकलं नाही ते?"

"माहीत होतं," मी म्हटलं.

"मग झालं," तो म्हणाला, आणि टांगलेलं जाळं काढून घडी करायला लागला. मी एक टोक धरलं.